आखडलेला खांदा : आधी टप्पा ओळखा, मग व्यायाम ठरवा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेल्या खांद्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये एकच गोंधळ दिसतो. कुणी सांगतं हात अजिबात हलवू नका, कुणी सांगतं कितीही दुखलं तरी ओढा. चुकीच्या वेळी दिले तर दोन्ही सल्ले नुकसान करतात. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये दुखणं कोणत्या टप्प्यात आहे हे आधी पाहिलं आहे.

प्रश्न : माझं वय ५१. दोन महिन्यांपासून डावा खांदा दुखतो, पाठीमागचा हूक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे नॉर्मल आला. एका डॉक्टरांना मानेचा त्रास वाटतो, दुसऱ्यांना स्नायू फाटल्याची शंका आहे. फ्रोझन शोल्डर आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा, अंगठे वर ठेवा. आता कोपरं अंगापासून न सोडता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगल्या बाजूचा हात साधारण ६० अंश किंवा त्याहून जास्त उघडतो. दुखरा हात २०-३० अंशांवरच अडला, तर घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा. तुम्ही स्वतः जोर लावायचा नाही. दुसऱ्यानं नेऊनही हात त्याच जागी अडत असेल, तर सांध्याचं आवरण आखडलं असण्याची शक्यता बरीच आहे. घरच्या माणसानं तिथं थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

या एका हालचालीला इतकं महत्त्व का, ते समजून घ्या. खांद्याच्या सांध्याभोवती कॅप्सूल हे सैल आवरण असतं. हात खाली असताना काखेकडच्या भागात त्याची घडी पडते, हात वर नेला की ती उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड आणि आखूड होत जातं. निरोगी सांध्यात १५ ते ३० मिलिलिटर द्रव मावतो. आखडलेल्या सांध्यात बऱ्याचदा १० मिलिलिटरही मावत नाही. पुढच्या वरच्या बाजूचा, कोराकोह्युमरल लिगामेंट या हाडं जोडणाऱ्या पट्ट्याजवळचा भाग विशेष आवळतो, आणि हात बाहेर वळायला तोच सैल असावा लागतो. म्हणून बाहेर वळणं सर्वांत जास्त अडतं. हात बाजूनं वर जाणं आणि पाठीमागे जाणं हेही अडतंच.

स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटला असेल, तर चित्र वेगळं दिसतं. स्वतःहून हात उचलता येत नाही किंवा त्यात ताकद नसते, पण दुसऱ्यानं उचलला तर तो बराच वर जातो. मानेतली नस दबली असेल, तर कळ बहुधा कोपराखाली बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात, मान वळवली की दुखणं बदलतं आणि खांदा मात्र मोकळा फिरतो. मान आणि खांदा दोन्ही एकाच वेळी बिघडलेले असू शकतात, म्हणून तपासणी दोन्हींची व्हायला हवी.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, कॅप्सूल दिसत नाही. त्यामुळे तो नॉर्मल येणं फ्रोझन शोल्डरच्या निदानाशी जुळतं. तरीही तो काढायलाच हवा. सांध्याची झीज, कंडऱ्यात साठलेलं कॅल्शियम, हाडाचं दुखणं यांत तो वेगळा दिसतो. शिवाय फिट आल्यानंतर किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. तेव्हाही हात बाहेर वळत नाही आणि फक्त समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते निसटू शकतं. असा इतिहास असेल तर दुसऱ्या कोनातूनही एक्स-रे काढायला सांगा. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. कंडरा फाटल्याची खरी शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.

तुमचा डावा खांदा आहे म्हणून आणखी एक. चालताना किंवा जिना चढताना डावा हात भरून येतो, छातीवर दाब येतो, घाम फुटतो किंवा दम लागतो, असं असेल तर ते खांद्याचं समजू नका. त्याच क्षणी आपत्कालीन विभाग गाठा. ताप आणि खांदा गरम, सुजलेला असणं, पडल्यानंतर हात अचानक उचलता न येणं, विनाकारण वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, या प्रत्येक बाबतीत व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायला हवं.

निदान फ्रोझन शोल्डरचं ठरलं तर रक्तातली साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि थायरॉइड तपासून घ्या. खांदा आखडला म्हणून तपासणी केली आणि मधुमेह तेव्हाच पहिल्यांदा कळला, असं होतं.

प्रश्न : मला तीन महिन्यांपासून त्रास आहे. फिजिओथेरपिस्ट दोरी-पुलीनं हात वर ओढायला लावतात, स्वतःही जोर लावून वर नेतात. घरी आल्यावर रात्रभर ठणकतं. ‘दुखल्याशिवाय सुटणार नाही’ असं सांगतात. सहन करत राहू का?

उत्तर : नाही. ही पद्धत तुमच्या टप्प्याला चुकीची आहे.

हा आजार ढोबळमानानं तीन टप्प्यांतून जातो. पहिला दुखण्याचा, साधारण २ ते ९ महिने : विश्रांती घेतानाही दुखतं, रात्री जास्त, आणि हालचाल दर आठवड्याला कमी होत जाते. दुसरा आखडलेपणाचा, ४ ते १२ महिने : ठणका उतरतो, पण हात ठरावीक जागी अडतो. तिसरा सुटण्याचा, ५ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत : हालचाल हळूहळू परत येते. टप्प्यांच्या सीमा पक्क्या नसतात, एकातून दुसऱ्यात जाताना काही आठवडे दोन्हींची लक्षणं दिसतात.

कॅलेंडरपेक्षा एक खूण जास्त उपयोगी आहे. हात हळूहळू वर न्या आणि दुखणं नेमकं कधी सुरू होतं ते पाहा. हात अडण्याच्या आधीच, मध्येच कळ येत असेल तर सांधा अजून सुजलेला आहे. हात अडतो त्या टोकापर्यंत ठीक जात असेल आणि तिथं फक्त ताण लागून दुखत असेल, तर सूज ओसरली आहे आणि आता ताण देता येईल. तुमचा रात्रभरचा ठणका पाहता तुम्ही पहिल्या प्रकारात आहात.

सुजलेल्या आवरणाला जोरानं ताणलं की सूज वाढते, दुखणं वाढतं, स्नायू बचावासाठी घट्ट धरून बसतात आणि दुसऱ्या दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा कमी जातो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखण्याच्या मर्यादेत हात वापरणाऱ्या आणि हलके व्यायाम करणाऱ्या गटातल्या ८९ टक्के रुग्णांचा खांदा दोन वर्षांनी जवळपास नीट चालत होता; दुखण्यापलीकडे ताणून घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

म्हणून पुली सध्या बंद ठेवा. हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, त्यानं आखडणं वाढतं. या टप्प्यात खालचे व्यायाम दिवसातून ३-४ वेळा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं पुरेत.

पहिला लोलक. टेबलाशेजारी उभे राहा, चांगला हात टेबलावर टेकवा, गुडघे थोडे सैल ठेवून कमरेतून पुढे वाका, दुखरा हात सैल खाली सोडा. आता हात हलवायचा नाही, अंग हलवायचं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर, पुढून मागे असं न्या; हात आपोआप झुलेल. पुढे-मागे १०, आडवे १०, मग सुमारे एक फूट व्यासाची वर्तुळं दोन्ही दिशांना १०-१०. बहुतेकांचं इथंच चुकतं : ते खांद्याचा स्नायू वापरून हात फिरवतात. तसं केलं की सांध्याला विसावा मिळत नाही आणि व्यायामाचा उद्देशच राहत नाही. हातात वजनही धरू नका. वाकल्यावर चक्कर येत असेल किंवा कंबर दुखत असेल तर हा व्यायाम सोडून पुढचा करा.

दुसरा टेबलावरचा. खुर्चीत बसा, टेबलावर घडी केलेलं फडकं ठेवा, त्यावर तळहात. अंग पुढे झुकवत हात सरकवा. पहिला ताण जाणवला की थांबा, ५ सेकंद मोजा, परत या. १० वेळा.

तिसरा काठीचा. पाठीवर झोपा, दुखऱ्या दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवा म्हणजे कोपर मागे लटकणार नाही. कोपर काटकोनात, अंगाजवळ. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकला. इथंही पहिल्या ताणापर्यंतच, ५ सेकंद, १० वेळा.

प्रमाण ठरवायला एक नियम पाळा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना दुखणं ३-४ च्या वर जाऊ नये. वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात पूर्वीइतकं व्हावं आणि त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा वाईट होऊ नये. यातलं एक जरी मोडलं तरी दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करा. हे फिजिओथेरपिस्टना स्पष्ट सांगा. चांगला फिजिओथेरपिस्ट हे ऐकून उपचार बदलतो. बदलत नसेल तर दुसरा पाहा.

प्रश्न : नऊ महिने झाले. ठणका थांबला आहे, झोप लागते. पण हात खांद्याच्या उंचीच्या वर जात नाही, पाठीमागे तर खिशापर्यंतही नाही. आता कोणते व्यायाम, किती आणि किती दिवस?

उत्तर : आता ताण द्यायची वेळ आली आहे. पहिल्या टप्प्यातला हलकेपणा आता पुरणार नाही. कॅप्सूल जाड, चिवट झालेली असते. तिला पाच सेकंदांचा ताण जाणवतही नाही. थोडा ताण, पण जास्त वेळ, आणि रोज, असं केलं तर ती सैल होते.

आधी १०-१५ मिनिटं शेक घ्या. गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलात तरी चालेल. मग काठीचा व्यायाम, वर सांगितला तोच, पण आता टोकाला नेऊन २० ते ३० सेकंद थांबायचं, ५ वेळा, दिवसातून २-३ सत्रं. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, हा सोडू नका. बाहेर वळणं सुटल्याशिवाय हात डोक्याच्या वर नीट जात नाही, कारण वर जाताना दंडाचं हाड बाहेर वळावं लागतं. इथं दोन चुका होतात. कोपर अंगापासून सुटतं, आणि मनगट मागे वाकतं. दोन्हींमुळे हात खूप बाहेर गेल्यासारखा दिसतो आणि सांध्यात काहीच घडत नाही. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये एक छोटा रुमाल धरा. तो पडला तर कोपर सुटलं.

हात वर नेण्यासाठी सुरुवात झोपूनच करा. पाठीवर झोपून चांगल्या हातानं दुखऱ्या हाताचं मनगट धरा आणि डोक्याच्या दिशेनं न्या. काटकोन ओलांडला की हाताचं वजन स्वतःच ताण देतं. २०-३० सेकंद, ५ वेळा. कंबर उचलू देऊ नका, गुडघे वाकवून ठेवले की ती टेकलेली राहते.

भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो आणि सर्वांत जास्त चुकीचा तोच होतो. खांद्याचा सांधा आखडलेला असला की शरीर वाट काढतं : पाठीचं फऱ्याचं हाड वर सरकतं, खांदा कानाजवळ जातो, अंग विरुद्ध बाजूला झुकतं आणि बोटं भिंतीवर चार इंच वर दिसतात. ती उंची खांद्याची नसते. परिणाम म्हणजे मान आणि मानेजवळचे स्नायू दुखू लागतात. आरशाशेजारची भिंत निवडा किंवा कुणाला तरी मागे उभं करा. खांदा कानाकडे निघाला की तिथंच थांबायचं, एक इंच खाली यायचं आणि तिथं २० सेकंद धरायचं.

पुढून छातीवर हात आडवा नेण्यासाठी पाठीवर झोपून कोपर दुसऱ्या हातानं विरुद्ध खांद्याकडे ओढा. झोपल्यामुळे फऱ्याचं हाड अंथरुणावर दाबलेलं राहतं आणि ताण मागच्या आवरणावर येतो.

पाठीमागे हात नेण्याचा टॉवेलचा व्यायाम सर्वांत शेवटी सुरू करा. बहुधा हीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते आणि घाई केली तर जुना ठणका परत येऊ शकतो. चांगल्या हातानं वरून टॉवेल धरा, दुखऱ्या हातानं कमरेमागे खालचं टोक, आणि वरचा हात हळूहळू वर न्या. झटका द्यायचा नाही.

रबर बँडचे ताकदीचे व्यायाम हालचाल बरीच परत आल्यावर करायचे. अडलेल्या सांध्यावर ताकद वाढवायला गेलं की खांदा उचलून काम करायची चुकीची सवय पक्की होते.

मोजणी रोज करू नका, दोन आठवड्यांतून एकदा करा. भिंतीवर पेन्सिलची खूण, पाठीमागे अंगठा कुठे पोचतो त्याची नोंद (नितंब, कंबर, बरगडीची खालची कड) आणि काठीच्या व्यायामात पंजा किती बाहेर गेला त्याचा फोटो. दोन आठवड्यांत बदल अगदी थोडा दिसतो, सहा आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की तो कळतो. सहा ते बारा आठवडे नेमानं करूनही काहीच हललं नाही, तर पुढच्या उपायांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. खांदा आखडला आहे, डॉक्टर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. साखर वाढेल अशी भीती वाटते. घ्यावं का?

उत्तर : साखर वाढते, हे खरं आहे. ती किती दिवस वाढते आणि त्याची तयारी कशी करायची हे कळलं की निर्णय सोपा होतो.

मधुमेहात फ्रोझन शोल्डर इतरांपेक्षा बऱ्याच जास्त जणांना होतो, जास्त काळ चालतो आणि दोन्ही खांद्यांना होण्याची शक्यताही जास्त असते. रक्तातली जास्तीची साखर कॅप्सूलमधल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठ करते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणजे साखर काबूत ठेवणं हा खांद्याच्या उपचाराचाच भाग आहे.

इंजेक्शनमध्ये साधारण ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, सोबत भूल देणारं औषध असतं. ते थेट सांध्याच्या आत जायला हवं. सोनोग्राफीवर पाहून दिलं तर जागा चुकण्याची शक्यता कमी. त्याचा फायदा दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत जास्त असतो, कारण ते सूज कमी करतं. जाड झालेलं आवरण ते सैल करत नाही. त्यामुळे वर्षभर जुन्या, न दुखणाऱ्या पण अडलेल्या खांद्यात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आराम काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो. या काळात दुखणं कमी असतं, म्हणून व्यायाम पुढे नेता येतो. इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणाऱ्यांची ही संधी वाया जाते.

साखर बहुधा त्याच दिवसापासून चढते, पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि साधारण आठवड्याभरात पूर्वपदावर येते. इंजेक्शनच्या आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा, आकडे किती वर गेले तर औषध किंवा इन्सुलिन किती वाढवायचं हे लिहून घ्या, आणि तो आठवडा दिवसातून तीन-चार वेळा ग्लुकोमीटरवर तपासा. साखर आधीच फार वाढलेली असेल तर आधी ती खाली आणून मग इंजेक्शन घेणं शहाणपणाचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगा.

पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, चेहरा लालसर होऊ शकतो. हे आपोआप जातं. पण दोन-तीन दिवसांनंतर खांदा गरम, लाल होऊन दुखणं वाढतच गेलं किंवा ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर एक दिवसही थांबू नका. पुन्हा इंजेक्शन लागलं तर मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि एकूण दोन-तीनच्या पुढे सहसा जात नाहीत.

तोंडानं घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा आराम काही आठवडेच टिकतो आणि त्यांचा परिणाम संपूर्ण शरीरावर, साखरेवरही होतो. तुमच्यासाठी तो मार्ग नको. वेदनाशामक गोळ्यांमध्येही आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाची तपासणी न करता स्वतःच्या मनानं घेऊ नका.

प्रश्न : दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही. कोणत्या कुशीवर झोपायचं?

उत्तर : दुखऱ्या कुशीवर झोपू नका. पाठीवर झोपत असाल तर दंड आणि कोपर यांच्याखाली उशी ठेवा, इतकी उंच की कोपर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित पुढे येईल. पाठीवर झोपल्यावर कोपर गादीवर मागे पडतं आणि सांध्याच्या पुढच्या, सुजलेल्या भागावर रात्रभर ताण राहतो. मध्यरात्रीच्या कळेचं हे नेहमीचं कारण. पंजा पोटावर ठेवा.

चांगल्या कुशीवर झोपत असाल तर छातीशी जाड उशी घ्या आणि दुखरा हात पूर्ण तिच्यावर ठेवा, कोपरापासून बोटांपर्यंत. उशी पातळ असली तर हात छातीवर आडवा लोंबतो. पाठीमागेही एक उशी लावा, म्हणजे झोपेत अंग उलटणार नाही. तरीही जमत नसेल तर पहिले काही आठवडे पाठीला उतार देऊन अर्धवट बसून झोपा.

डॉक्टरांनी दिलेली गोळी झोपण्याच्या साधारण पाऊण तास आधी घ्या. कळ आल्यावर मध्यरात्री घेतली तर ती लागू पडेपर्यंत झोप मोडलेलीच असते. इतकं करूनही सलग दोन-तीन आठवडे झोप होत नसेल, तर इंजेक्शनचा विचार करण्याचं ते सर्वांत ठोस कारण आहे.

प्रश्न : शेक घ्यावा की बर्फ? मालिश, अल्ट्रासाउंड, खांद्याचा पट्टा यांनी फायदा होतो का?

उत्तर : व्यायामाआधी शेक, व्यायामानंतर ठणकलं तर दहा मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर शेकाची पिशवी आधी दुसऱ्या कुणाला हात लावून बघू द्या. भाजल्याचं कळत नाही.

मानेच्या आणि पाठीच्या वरच्या भागातले स्नायू खांदा उचलून उचलून दमलेले असतात, तिथं हलकी मालिश केली तर बरं वाटतं. सांध्याच्या कॅप्सूलपर्यंत मालिश पोचत नाही. सांध्यावर जोरात रगडणं, हात पिळणं, झटका देऊन ‘मोकळा’ करणं यांनी कंडरा फाटू शकतो आणि हाडं ठिसूळ असतील तर दंडाचं हाडही मोडू शकतं. हे कुणालाही करू देऊ नका. अल्ट्रासाउंडच्या मशीनवर वेळ घालवण्यापेक्षा तीच वीस मिनिटं फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम तपासून घेण्यात घालवा. पट्टा नको.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा.

प्रश्न : दीड वर्ष झालं. डॉक्टर भूल देऊन खांदा फिरवू म्हणतात, दुसरे दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात. कोणतं निवडावं? की थांबावं?

उत्तर : आधी पाहा की तुमचा खांदा थांबला आहे की हळूहळू सुटतो आहे. गेल्या तीन महिन्यांत दर महिन्याला थोडा फरक पडत असेल, तर थांबून व्यायाम चालू ठेवणं योग्य. योग्य व्यायाम आणि इंजेक्शन होऊनही सहा महिने काही हललं नसेल आणि रोजची कामं अडत असतील, तर पुढचा विचार करावा.

भूल आणि शस्त्रक्रियेच्या आधी एक मधला उपाय आहे, हायड्रोडायलेटेशन. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीनं सांध्यात सलाइन, भूल देणारं औषध आणि स्टिरॉइड मिळून साधारण २० ते ४० मिलिलिटर द्रव हळूहळू सोडून कॅप्सूल फुगवतात. रुग्ण जागा असतो, करताना चांगलंच दडपण जाणवतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. तो तुमच्या बाबतीत झाला नसेल तर त्याबद्दल विचारा.

भूल देऊन खांदा फिरवताना आवळलेलं आवरण ताणून फाडलं जातं. वेळ थोडा लागतो, छेद नसतो. पण जोर कुठे लागेल यावर पूर्ण ताबा नसतो. दंडाचं हाड मोडणं, कंडरा फाटणं, खांदा निखळणं हे क्वचित पण खरे धोके आहेत. हाडं ठिसूळ असतील तर हा मार्ग टाळावा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आवळलेला भाग डोळ्यांनी पाहून कापतात, म्हणून जोर कमी लागतो. काखेच्या बाजूला खांद्याच्या स्नायूला जाणारी ॲक्सिलरी नस जवळून जाते, त्यामुळे करणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा.

ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भूल देऊन फिरवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह नियोजनबद्ध फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षानंतर तिन्ही गटांतल्या लोकांना खूपच बरं वाटत होतं आणि तिन्हींमधला फरक रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंत थोडी जास्त होती, फिजिओथेरपीच्या गटातल्या काहींना पुढे आणखी उपचार लागले. त्यामुळे इंजेक्शन आणि नीट आखलेली फिजिओथेरपी झाली नसेल, तर ती आधी पूर्ण करा.

यांपैकी काहीही केलं तरी व्यायाम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू व्हावा लागतो, आणि पहिले दोन आठवडे तर रोज. मोकळं केलेलं आवरण हात हलवला नाही तर पुन्हा चिकटतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी फिजिओथेरपिस्टची वेळ, घरची मदत आणि पुरेसं वेदनाशामक औषध यांची सोय करा. ही सोय होत नसेल तर तारीख पुढे ढकला.

प्रश्न : उजवा खांदा आता जवळपास बरा झाला. तो पुन्हा आखडेल का? डाव्याला होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : तोच खांदा पुन्हा आखडणं फार क्वचित. दुसऱ्या खांद्याला पुढच्या काही वर्षांत होतो अशांची संख्या मात्र दुर्लक्ष करण्याइतकी कमी नाही, मधुमेहात तर जास्तच. तो नक्की टाळता येईल असा व्यायाम नाही. साखर आणि थायरॉइड ताब्यात ठेवणं आणि हात बांधलेल्या अवस्थेत गरजेपेक्षा जास्त काळ न ठेवणं एवढं तुमच्या हातात आहे. हाड मोडल्यावर, स्तनाच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा हलवायला कोणत्या दिवसापासून सुरुवात करायची हे सर्जनना घरी जाण्याआधीच विचारा.

उजव्या खांद्याची शेवटची थोडी हालचाल, विशेषतः पाठीमागे जाण्याची, अपुरी राहिली तर घाबरू नका. काहींमध्ये ती कायम थोडी कमी राहते, पण कामात अडत नाही. काठीचा व्यायाम आठवड्यातून तीन-चारदा चालू ठेवा.

डाव्या खांद्यासाठी महिन्यातून एकदा आरशासमोर कोपरं अंगाला लावून दोन्ही हात बाहेर उघडून बघा. डावा हात पूर्वीपेक्षा कमी उघडू लागला आणि रात्री त्या कुशीवर दुखू लागलं, तर दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांकडे जा. इंजेक्शनचा फायदा याच सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त मिळतो.